'लागणे' : अर्थ किती आणि अर्थ लागतो कसा? (बुलढाणा जिल्ह्यातील बोलीच्या विशेष संदर्भात)

१. प्रश्नाची मांडणी

भाषेतील अवघड शब्द कोणते, असा प्रश्न पदव्युत्तर वर्गात विचारला तर विद्यार्थी बहुधा संस्कृतप्रचुर पारिभाषिक संज्ञांकडे बोट दाखवतात. वस्तुतः अशा संज्ञांचा अर्थ एकदा कोशात पाहिला की तो पुरतो. खरी कसोटी लागते ती 'होणे', 'येणे', 'पडणे', 'बसणे', 'लागणे' यांसारख्या, आईच्या तोंडून पहिल्या दोन-तीन वर्षांतच कानी पडलेल्या क्रियापदांची. ही क्रियापदे कोणी कोशात पाहत नाही, आणि पाहिली तर तेथील नोंदींची लांबी पाहून गोंधळतो.

इंग्रजीच्या अध्यापनात या अडचणीचा अनुभव विशेष तीव्रतेने येतो. 'गेट' या एका क्रियापदासाठी द्विभाषिक कोश मराठी प्रतिशब्दांची लांबलचक यादी देतात. ग्रामीण भागातून आलेला, बहुधा घरात महाविद्यालयाची पायरी पहिल्यांदाच चढलेला विद्यार्थी ती यादी पाठ करतो आणि इंग्रजी ही अतर्क्य भाषा आहे अशी समजूत करून घेतो. आपल्याच बोलण्यात दिवसातून शेकडो वेळा येणारे 'लागणे' हे क्रियापद परकीयाला तितकेच अतर्क्य वाटत असेल, हे त्याच्या ध्यानी येत नाही. ते ध्यानी आणून देणे हे मराठीच्या अध्यापकाचे काम आहे.

प्रस्तुत लेखात 'लागणे' या क्रियापदाच्या अनेकार्थतेचा विचार करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : एखाद्या क्रियापदाचे अर्थ 'किती', हा प्रश्न त्या क्रियापदापुरता विचारून सुटत नाही, कारण ही मोजणी बहुतेक वेळा दुसऱ्या भाषेच्या मापाने केलेली असते. 'अर्थ लागतो कसा', हा प्रश्न विचारला म्हणजे मात्र विखुरलेल्या अर्थांच्या मागे एक सुसंगत व्यवस्था दिसू लागते, आणि ती व्यवस्था मुख्यतः विभक्तीत व वाक्यरचनेत असते.

२. व्युत्पत्ती व मूलार्थ

'लागणे'चे मूळ संस्कृत 'लग्' या धातूत आहे. चिकटणे, जोडले जाणे, संलग्न होणे हा त्याचा अर्थ. 'लग्न' हे त्याचे भूतकालवाचक धातुसाधित. त्याचे प्राकृत रूप 'लग्ग' आणि त्यावरून मराठी 'लाग-'. विवाहवाचक 'लग्न' हा तत्सम शब्दही याच धातूचा. म्हणून 'लग्न लागले' या नित्याच्या वाक्यात एकाच धातूची दोन अपत्ये शेजारी उभी असतात, एक संस्कृतातून जशीच्या तशी आलेली आणि दुसरी प्राकृताच्या वाटेने झिजत आलेली. 'लगत', 'लागवड', 'लागण', 'लागलीच' हे शब्द याच कुळातले. 'लागवड' व 'लागण' यांत रोप मातीला धरते. 'लागण' हा शब्द रोगाच्या बाबतीत आला म्हणजे रोग शरीराला धरतो. दोन्हीकडे जोडले जाणे हाच भाव आहे.

प्राचीन मराठीत याच धातूवरून आलेले 'लागीं' हे शब्दयोगी अव्यय 'साठी', 'प्रत' अशा अर्थांनी विपुल आढळते. ज्ञानेश्वरीच्या वाचकाला ते परिचयाचे आहे. चतुर्थीचा 'ला' हा प्रत्यय याच 'लागीं'पासून आला असावा, असे मतही भाषाभ्यासकांनी मांडलेले आहे. हे मत ग्राह्य धरले तर 'मला जावे लागते' या वाक्यात सर्वनामाचा प्रत्यय आणि क्रियापद या दोहोंच्या मुळाशी एकच धातू येतो. व्युत्पत्तीचा निर्णय काहीही होवो, 'ला' आणि 'लागणे' यांचा वाक्यातील सहवास घनिष्ठ आहे. पुढील विवेचनात त्याचे महत्त्व स्पष्ट होईल.

३. कोशांतील नोंदींची पद्धती

मराठी कोशरचनेच्या इतिहासात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचे (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) स्थान अनन्यसाधारण आहे. त्याचाच जोडीदार म्हणजे मोल्सवर्थने आरंभलेला व थॉमस कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश (१८४७). बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप प्रसिद्ध केला. पुढे दाते-कर्वे प्रभृतींनी संपादिलेला महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) हा मराठी-मराठी कोश सिद्ध झाला.

मोल्सवर्थपुढील कार्य मराठी शब्द इंग्रजी वाचकाला समजावून देण्याचे होते. साहजिकच, जेथे इंग्रजी प्रतिशब्द बदलतो तेथे अर्थाचा नवा क्रमांक सुरू करावा लागतो. 'हात लागला' येथे स्पर्शवाचक, 'पैसे लागतात' येथे गरजवाचक, 'रडू लागला' येथे आरंभवाचक, 'मामा लागतो' येथे नातेवाचक असे निरनिराळे इंग्रजी शब्द योजावे लागतात. मराठी भाषकाच्या मनात मात्र ही चार क्रियापदे नाहीत. द्विभाषिक कोशाच्या दृष्टीने ही पद्धती योग्यच होय. परंतु तिची फलिते मराठीच्या वर्णनात जशीच्या तशी स्वीकारणे योग्य नव्हे.

सोस्यूरच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील 'मूल्य' ही संकल्पना येथे उपयोगी पडते. फ्रेंचमध्ये मेंढी आणि तिचे मांस यांना एकच शब्द आहे, इंग्रजीत दोन आहेत. म्हणून फ्रेंच शब्दाला 'दोन अर्थ' आहेत असे इंग्रजाला वाटते. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांनी ठरते. 'लागणे'चे मूल्यही मराठीतील 'मिळणे', 'वाटणे', 'येणे', 'पडणे' या शेजाऱ्यांनी ठरवले आहे. इंग्रजी शब्दांनी नव्हे.

दुसरी अडचण अकारविल्हे रचनेची. 'हात लागणे' हा वाक्प्रचार 'ह'खाली, 'डोळा लागणे' 'ड'खाली, 'वाट लागणे' 'व'खाली जातो. कोशाच्या सोयीसाठी हे अपरिहार्य असले तरी त्यामुळे क्रियापदाचे सारे कुटुंब पांगते आणि प्रत्येक वाक्प्रचार स्वतंत्र चमत्कार भासतो.

४. विभक्ती आणि अर्थ

'हात' हे एकच नाम घेऊन पुढील वाक्ये पाहावीत :

(अ) देवघरातल्या समईला चुकून हात लागला.
(आ) कापताना विळा हाताला लागला.
(इ) पळालेला चोर अखेर हाती लागला.

तिन्ही वाक्यांत नाम तेच, क्रियापद तेच. बदलली ती विभक्ती. पहिल्यात हात प्रथमेत आहे : तो हलतो, आणि स्थिर वस्तूला भिडतो. दुसऱ्यात हात चतुर्थीत आहे : वस्तू हलते आणि हात हे स्पर्शाचे, पर्यायाने इजेचे ठिकाण होते. तिसऱ्यात हात सप्तमीत आहे : स्पर्श होऊन वस्तू हाताच्या आत येते, म्हणून ताब्याचा अर्थ निघतो. स्पर्श, इजा आणि प्राप्ती हे कोशातील तीन अर्थ. क्रियापदाने मात्र तिन्ही ठिकाणी 'जोडले जाणे' एवढेच सांगितले आहे. उरलेले काम विभक्तीचे.

'वाट' या नामाचेही असेच आहे. 'अवकाळी पावसाने गव्हाची वाट लागली' येथे वाट प्रथमेत असून विनाशाचा अर्थ आहे. 'पोरे शाळेच्या वाटेला लागली' येथे वाट चतुर्थीत असून प्रस्थानाचा अर्थ आहे. 'मलकापूरहून बुलढाण्याला येताना वाटेत मोताळा लागते आणि पुढे राजूर घाट लागतो' येथे वाट सप्तमीत असून गाव वा घाट प्रवाशाला भेटतो. वस्तुतः घाट जागचा हलत नाही, हलतो तो प्रवासी. पण भाषेने घाटालाच कर्ता केले आहे. 'बुलढाण्याहून खामगावला जाताना ज्ञानगंगा अभयारण्य लागते' हे वाक्य भूगोलाच्या दृष्टीने चमत्कारिक, परंतु मराठीच्या दृष्टीने अगदी साधे आहे.

कधी विभक्तीऐवजी वचनच अर्थभेद करते. 'डोळा लागला' म्हणजे झोप लागली; 'डोळे लागले' म्हणजे प्रतीक्षा. झोपेत दोन्ही डोळे मिटत असले तरी तेथे एकवचनच हवे, आणि पावसाकडे एकच डोळा लागत नाही. मिटलेला डोळा पापणीशी जोडला जातो, उघडे डोळे दूरच्या वस्तूशी जोडले जातात. मूळ कल्पना पुन्हा तीच.

'लावणे' या प्रयोजक रूपाची कसोटी लावून पाहणेही उद्बोधक ठरते. दिवा लागला, दिवा लावला. निकाल लागला, निकाल लावला. अर्थ लागला, अर्थ लावला. येथे कर्ता पुढे येतो व जबाबदारी घेतो. 'कवितेचा अर्थ लागला' आणि 'कवितेचा अर्थ लावला' या दोन वाक्यांत समीक्षेच्या दोन भूमिका सामावलेल्या आहेत, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगावयास नको. उलट 'मामा लागतो', 'घाट लागतो', 'ठेच लागली' यांना 'लावणे'ची जोड मिळत नाही. कारण नाते, भूगोल आणि अपघात कोणाच्या इच्छेने घडत नाहीत. म्हणजे 'लागणे'च्या प्रयोगांत एक वर्ग असा आहे की ज्यात कर्तृत्वाला वावच नाही.

५. माणसाला काय लागते?

'मला भूक लागली' या वाक्यात परंपरागत व्याकरणानुसार कर्ता 'भूक' आहे. क्रियापदाचे लिंगवचन तिच्याप्रमाणे चालते. ज्याला अनुभव येतो तो माणूस मात्र चतुर्थीत आहे. अशी चतुर्थ्यन्त अनुभवकर्त्याची रचना भारतातील अनेक भाषांत, त्यांची कुळे भिन्न असतानाही, आढळते. कॉलिन मासिका यांनी भारताच्या भाषिक क्षेत्रावरील १९७६ च्या ग्रंथात तिचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. मराठीची खुबी अशी की अनुभवागणिक ती क्रियापद बदलते. भूक, तहान, झोप, धाप, उचकी 'लागते', राग, कंटाळा, हसू, ताप 'येतो', आनंद 'होतो', भीती 'वाटते', थंडी 'वाजते'. 'लागणे'च्या वाट्याला आलेले अनुभव बहुतांशी देहाच्या गरजांचे आहेत. मन आवरून ते टळत नाहीत.

ऊन लागणे, दृष्ट लागणे, बाहेरचे लागणे या प्रयोगांत बाहेरून येऊन चिकटणारे काहीतरी आहे. साप चावला असे न म्हणता 'पान लागले' म्हणणे हा त्यातलाच प्रकार. सापाचे नाव घ्यावयाचे नाही, चावण्याची क्रिया उच्चारावयाची नाही. म्हणून नाम बदलले आणि क्रियापद म्हणून सर्वांत सौम्य, केवळ स्पर्शाचे क्रियापद घेतले. शेतात राबणाऱ्यांच्या भीतीने घडवलेला हा वाक्प्रचार क्रियापदाच्या मूलार्थाची साक्ष देतो.

आता गरजेचा अर्थ. 'भिंतीला दोन हजार विटा लागल्या' हे वाक्य विचारात घ्यावे. विटा भिंतीला खरोखरच जोडल्या गेल्या आहेत. परंतु जोडल्या म्हणजे खर्ची पडल्या, आणि खर्ची पडल्या म्हणजे त्यांची गरज होती. येथून 'घराला पैसे लागतात', 'विहिरीला दोन महिने लागले' असा प्रवास सहज होतो. वीट डोळ्यांना दिसते, पैसा मोजता येतो, काळ केवळ जाणवतो; पण कार्याला काहीतरी जोडले जाण्याची आकृती तीच राहते. विशेष म्हणजे 'विहिरीला पाणी लागले' या वाक्याची आकृतीही हीच आहे. मात्र तेथे खर्च नसून लाभ आहे. अवर्षणाची सवय असलेल्या मुलखात 'विहिरीला किती लागले?' असा प्रश्न आला तर तो पैशांविषयी आहे की पाण्याच्या खोलीविषयी, हे प्रसंगानेच ठरते.

भर्तृहरीने वाक्यपदीयात अनेकार्थ शब्दाच्या अर्थनिश्चयाची जी साधने सांगितली आहेत, त्यांत संयोग, साहचर्य, प्रकरण, औचित्य, देश, काल यांचा समावेश होतो. पुढे काव्यशास्त्रानेही ती स्वीकारली. काव्यप्रकाश शिकवताना ही साधने आपण बहुधा संस्कृत उदाहरणांवरच समजावतो. विहिरीच्या काठावरचा हा प्रश्न प्रकरणाचे आणि देशाचे तितकेच समर्पक उदाहरण आहे.

६. आरंभ आणि बंधन

'लागणे' सहायक क्रियापद म्हणून येते तेव्हा दोन अगदी भिन्न अर्थ संभवतात :

(अ) मुलगा काम करू लागला.
(आ) मुलाला काम करावे लागले.

पहिल्यात आरंभ आहे, दुसऱ्यात बंधन. एकाच क्रियापदाला हे दोन असंबद्ध अर्थ कसे प्राप्त झाले? व्याकरणग्रंथ बहुधा दोन्ही अर्थ नोंदवून पुढे जातात. परंतु 'मुलगा कामाला लागला' हे वाक्य शेजारी ठेवले की कोडे उलगडते. पहिल्या वाक्यात मुलगा प्रथमेत आहे : तो जाऊन कामाला जोडला जातो, म्हणून आरंभ. दुसऱ्यात मुलगा चतुर्थीत आहे : 'काम करावे' ही कृतीच येऊन त्याला जोडली जाते, भूक लागावी तशी, म्हणून बंधन. माणूस कृतीला लागला तर आरंभ. कृती माणसाला लागली तर सक्ती. जोडले जाणे तेच, दिशा उलट.

शिष्ट बोलण्यात आज दोन्हींसाठी 'करायला लागणे' हे रूप रूढ होत आहे : 'मुलगा काम करायला लागला', 'मुलाला काम करायला लागले'. येथे कृतिवाचक रूपातील भेद नाहीसा झाला असून अर्थाचा सारा भार कर्त्याच्या विभक्तीवर येतो. कर्ता गाळला, 'लवकर उठायला लागलं' एवढेच म्हटले, तर घरातील लहान मूल लवकर उठू लागले की कोणाला तरी लवकर उठणे भाग पडले, हे कळत नाही.

या ठिकाणी बुलढाणा जिल्ह्याच्या बोलीकडे वळणे आवश्यक आहे. हा जिल्हा वऱ्हाडच्या पश्चिम टोकाला आहे. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, खामगाव. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. पश्चिमेला खानदेश व मराठवाडा, उत्तरेला मध्य प्रदेशाचा हिंदी मुलूख. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीची दखल घेतली गेली. या खंडाचे काम स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने केले होते. 'मला'ऐवजी 'मले' आणि 'सकाळी'ऐवजी 'सकायी' ही वऱ्हाडीची लक्षणे सर्वपरिचित आहेत. 'लागणे'ची रूपे मात्र सहसा चर्चेत येत नाहीत. पुढील वाक्ये नित्याच्या बोलण्यातील आहेत :

(अ) मले सकायीच जा लागते.
(आ) पोरगं रडाले लागलं.
(इ) पऱ्हाटीले बोंडं लागले.
(ई) विहिरीले पाणी लागलं.

पहिली दोन वाक्ये महत्त्वाची. बंधनासाठी 'जा लागते', 'करा लागते' असे 'जावे', 'करावे' यांचे संक्षिप्त रूप. आरंभासाठी 'रडाले लागलं', 'कराले लागला' असे 'ले'युक्त रूप. म्हणजे शिष्ट बोलण्यात जो भेद पुसट होत चालला आहे, तो या बोलीत कृतिवाचक रूपातच ऐकू येतो. 'लवकर उठा लागलं' आणि 'लवकर उठाले लागलं' या दोहोंत कर्ता गाळला तरी घोटाळा होत नाही. उत्तरपत्रिकेत 'करा लागते' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या शब्दाखाली लाल रेघ ओढली जाते. प्रमाणलेखनाच्या दृष्टीने ती रेघ आवश्यक असेलही. परंतु तेथे 'अशुद्ध' असा शेरा मारणे भाषाशास्त्राच्या दृष्टीने समर्थनीय नाही. ती रचना नियमबद्ध आहे आणि एका बाबतीत प्रमाण बोलण्याहून अधिक काटेकोर आहे.

वऱ्हाडीवर सर्रास केला जाणारा दुसरा आरोप हिंदी मिसळणीचा. 'करून राहिला' यासारख्या रचना पाहता हिंदीचा शेजार नाकारता येणार नाही. परंतु 'लागणे'ची साक्ष निराळी आहे. बंधनाच्या अर्थी हिंदी 'पड़ना' हे क्रियापद वापरते, आणि गुजरातीही 'पडवुं'च. मराठीत 'जाणे भाग पडले' असा प्रयोग आहे, पण नित्याची रचना 'जावे लागले' हीच. हिंदीला लागून असलेल्या या मुलखात बोलणारा 'जा लागते'च म्हणतो, 'जा पडते' म्हणत नाही. उलटपक्षी हिंदीतील 'लगना' मत व्यक्त करण्यासाठीही येते; त्या जागी मराठीत 'वाटणे' आहे. मराठीत 'चांगले लागते' हे चवीपुरतेच : जेवण चांगले लागते, लोणारच्या सरोवराचे पाणी खारट लागते, माणूस मात्र चांगला 'वाटतो'. एका धातूच्या दोन भगिनी भाषांतील वंशजांनी आपापला प्रदेश असा वेगळा आखून घेतला आहे, आणि बंधनाच्या रचनेपुरती तरी वऱ्हाडी निःसंदिग्धपणे मराठीच्या कुंपणात उभी आहे.

७. 'गेट' आणि फिनिश : दूरचा आरसा

आता आरंभीच्या इंग्रजी क्रियापदाकडे येऊ. 'गेट'चे अर्थ मोजण्यासाठी मराठीखेरीज आणखी एक माप घ्यावे. हिंदी वा फ्रेंच घेऊन फारसे साधणार नाही, कारण त्या इंग्रजीप्रमाणेच इंडो-युरोपीय कुळातील आहेत. फिनलंडची फिनिश भाषा या कुळाबाहेरची, उराली कुळातील असून तिच्यात परंपरेने पंधरा विभक्ती मानल्या जातात. तिच्याशी मराठीचा ना वंशाचा संबंध, ना शेजाराचा.

पत्र 'मिळणे' या अर्थी 'गेट' आले तर फिनिशमध्ये 'सादा'. घरी 'पोचणे' या अर्थी 'पॅस्तॅ'. अडचणीत 'सापडणे' या अर्थी 'योउतुआ'. 'रागावणे' या अर्थी 'सुउत्तुआ'. 'उठणे' या अर्थी 'नोउस्ता'. इंग्रजीच्या एका क्रियापदाजागी फिनिशमध्ये पाच, आणि मराठीतही पाच. मग 'गेट'ला पाच अर्थ आहेत काय? मराठी व फिनिश भाषकांच्या मापाने आहेत. इंग्रजाच्या मनात मात्र 'एखाद्या स्थितीला वा वस्तूला येऊन पोचणे' एवढीच एक सैल कल्पना असावी, जशी आपल्या मनात 'लागणे'ची असते.

याहून लक्षणीय साम्य पुढे आहे. 'पॅस्तॅ' आणि 'योउतुआ' यांत फिनिश भाषा संधी आणि सक्ती असा भेद करते. जाण्याची इच्छा होती व ती सफल झाली तर 'पॅस्तॅ'. इच्छा नसताना जाण्याची पाळी आली तर 'योउतुआ'. मराठीत नेमका हाच भेद 'मला जायला मिळाले' आणि 'मला जावे लागले' असा होतो. इंग्रजीत संधी सांगतानाही 'गेट' येते, आणि 'हॅव' सोबत घेऊन सक्ती सांगतानाही तेच येते. सैल बोलण्यात 'हॅव' गळते तेव्हा 'आय गॉट टु गो' हे वाक्य संधीचे की सक्तीचे, हे प्रसंगावरूनच ओळखावे लागते. मराठी विद्यार्थ्याला येथे गोंधळ वाटतो, याचे कारण त्याची भाषा या ठिकाणी अधिक बारकाईने विभागलेली आहे.

फिनिशमधील 'पितॅ' हे क्रियापद तर 'लागणे'चे दूरस्थ प्रतिबिंबच वाटते. नुसते कर्म घेतले की त्याचा अर्थ धरणे, राखणे. 'मधून' अशा अर्थाच्या विभक्तीतील नाम घेतले की आवडणे. आणि व्यक्ती षष्ठीत ठेवून पुढे कृतिवाचक रूप आले की बंधन, म्हणजे आपले 'लागणे' किंवा 'पाहिजे'. क्रियापद तेच, अर्थ बदलतो विभक्तीने. परस्परांशी कसलाही संबंध नसलेल्या दोन भाषांत विभक्तीला हेच काम सोपवलेले दिसते. शब्दक्रमावर भिस्त ठेवणाऱ्या इंग्रजीच्या मापाने मोजले असता अशा भाषांतील क्रियापदे विनाकारण अनेकार्थी दिसतात.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

या विवेचनाचे वर्गातील उपयोजन दोन प्रकारे करता येईल. पहिले, 'लागणे'चे दहा अर्थ लिहा, अशा स्वरूपाच्या प्रश्नाऐवजी, दिलेल्या वाक्यांत अर्थभेद कशामुळे झाला ते दाखवा, असा प्रश्न विचारावा. दुसरे, पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावातील वाक्यांचे संकलन करून घ्यावे. पेरणीपासून वेचणीपर्यंतच्या एका हंगामात घरात व शेतात ऐकलेली 'लागणे'ची वाक्ये जशीच्या तशी टिपावीत; प्रत्येकापुढे बोलणाऱ्याचे वय, गाव घाटावरचे की घाटाखालचे, आणि कर्त्याची विभक्ती यांची नोंद करावी. वाक्यांची वर्गवारी इंग्रजी प्रतिशब्दांनुसार न करता पुढील आकृत्यांनुसार करावी :

(१) वस्तूला वस्तू लागणे : पऱ्हाटीला कीड, विहिरीला पाणी.
(२) व्यक्तीला अवस्था लागणे : भूक, तहान, झोप.
(३) कार्याला साधन लागणे : विटा, पैसे, दिवस.
(४) व्यक्ती कार्याला वा मार्गाला लागणे : नोकरीला, वाटेला, नादी.
(५) वाटेत स्थळ लागणे : गाव, घाट.
(६) पूरकासह लागणे : मामा लागतो, खारट लागते.
(७) व्यक्ती कृतीला लागणे व कृती व्यक्तीला लागणे : आरंभ आणि बंधन.

या सात आकृत्यांत न बसणारी वाक्ये सापडतील, आणि संशोधनाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची असतील. 'सूर लागला', 'निकाल लागला', 'रेडिओ लागला' यांना पहिल्या आकृतीत ढकलावे की स्वतंत्र स्थान द्यावे, यावर वर्गात मतभेद होणे इष्टच आहे. अशा संकलनातून एका तालुक्याचा जरी अभ्यास उभा राहिला तरी वऱ्हाडीच्या वर्णनात मोलाची भर पडेल.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला : 'लागणे'च्या सर्व प्रमुख प्रयोगांत संलग्न होण्याची मूळ कल्पना टिकून आहे, अर्थभेद मुख्यतः विभक्ती, वचन व सहचारी नाम यांनी घडतो. दुसरा : आरंभ व बंधन हे सहायक क्रियापदाचे दोन अर्थ परस्परविरोधी नसून एकाच संबंधाच्या दोन दिशा आहेत. तिसरा : या दोन अर्थांतील भेद वऱ्हाडी बोलीत कृतिवाचक रूपाने जपला गेला आहे, म्हणून त्या रूपांना अशुद्ध ठरवण्यापूर्वी त्यांची व्यवस्था समजून घेणे अगत्याचे आहे. चौथा : द्विभाषिक कोशातील अर्थसंख्या ही दोन भाषांमधील अंतराची मोजणी आहे, कोणत्याही एका भाषेच्या गुंतागुंतीची ती मोजणी नव्हे.

शेवटचा निष्कर्ष विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'गेट'ची यादी पाठ करताना दमलेल्या मुलाला आपण 'मले जा लागते' हे वाक्य फळ्यावर लिहून द्यावे आणि त्याची फोड त्यालाच करावयास सांगावी. ज्या भाषेत तो विचार करतो तिचे व्याकरण त्याला आधीच येते. ते येते याची जाणीव त्याला झालेली नसते, एवढेच. ती जाणीव झाली की परकीय भाषेतील अनेकार्थतेचे भय उरत नाही, आणि स्वतःच्या बोलीविषयी मनात घर करून बसलेला संकोचही ओसरू लागतो.